टाकी नंबर चौदा

कागदावर लिहिलंय: फर्नेस ऑइल, गाळ अंदाजे दीड फूट.
कागद एसीत बसून लिहिला जातो.
टाकी मात्र माहुलच्या खाडीकडेला
अकरा वर्षं उन्हात उभी.
तिच्या पोटात कोणकोण राहून गेलं
हे तिलाच विचारावं लागतं.

मी विचारायला आलेय.

पितळी साखळीला बाटली बांधते. पितळीच,
लोखंड लोखंडाला घासलं तर ठिणगी पडते
आणि ठिणगीला इथे माफी नाही.
वरच्या झाकणातून हात हात सोडते साखळी.
चौलच्या आडात आत्या असाच सोडायची पोहरा,
पाणी लागलं की आधी दोराला कळायचं, मग तिच्या मनगटाला.
इथे गाळ लागतो.
मनगट सांगतं, फर्नेस ऑइल इतकं पातळ नसतं.

बाटली वर येते. काळं, त्यावर रंगीत साय,
बुडाशी चार बोटं पाणी.
पाण्यात पट्टी बुडवते. पिवळी पट्टी लाल होते.
कुणीतरी, कधीतरी, दुसऱ्याच कुणाचं आम्ल
रात्रीतून आणून ओतलं यात.
रजिस्टरात त्या रात्रीचं पान कोरं आहे.

वास मी घेत नाही.
कामाला लागले तेव्हा देवस्थळी म्हणाले होते,
"सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर ठीक.
यायचा थांबला, की पळ."
नाक थोड्या विषाला ओरडतं,
पुष्कळ विषापुढे गप्प बसतं.

आता मीटरची नळी.
वर: प्राणवायू वीस पॉइंट नऊ.
मध्ये: वीस.
मुकादम रिबेलो खालून हात करतो,
"झालं ना मॅडम? टँकर लायनीत लागलेत."
झालं असतं. इथेच थांबले असते तर झालंच होतं.
आणखी नळी सोडते, तळापर्यंत.
मीटर किंचाळतो. एकशे चाळीस.

टाकीच्या सावलीत सहा जण बसलेत,
फावडी आडवी टाकून.
एकाने डबा उघडलाय: भाकरी, सुकटीची चटणी.
सगळ्यात लहान इरप्पा, आजच पहिल्यांदा आलेला,
गमबूट मापाचे नाहीत म्हणून आत चिंध्या कोंबतोय.

परवान्यावर लिहिते: प्रवेश नाही.
वेळ अकरा चाळीस. सही.
गुलाबी प्रत खाली जाते
आणि तिच्यासोबत सहा जणांचा रोज.
आत गेलं तरच हजेरी, असा ठेक्याचा नियम.
इरप्पा बूट काढून आपटतो, काहीतरी बोलतो कानडीत.
रामसजीवन त्याच्या तोंडावर हात ठेवतो,
म्हणजे शिवीच असणार.

त्रेसष्ट पायऱ्या उतरते.
त्याला सांगावंसं वाटतं, तळाशी काय वाट बघत होतं.
पण न घडलेलं दाखवायचं कसं?
वाचलेल्याच्या हाती पुरावा येत नाही,
बुडालेले साडेसहाशे येतात.
मी काहीच बोलत नाही. बाटलीला लेबल लावते.
लेबल दोनदा वाकडं लागतं.

मग तीन दिवस पंखा. सोडा. पाण्याचा फवारा,
गाळ वाळला तर आपणहून पेटतो म्हणून.
रिबेलो माझ्याशी बोलत नाही,
चहा मात्र पाठवतो, बिनसाखरेचा.

चौथ्या दिवशी वर, मध्ये, तळाशी:
शून्य, शून्य, शून्य.
सही. चार वाजेपर्यंतच वैध.
इरप्पाच्या कमरेला दोर, दुसरं टोक रामसजीवनच्या मुठीत.
आधी डोकं, मग खांदे, मग चिंध्या कोंबलेले बूट
त्या गोल भोकातून आत जातात.

मी भोकापाशी उकिडवी.
आतून तो मोठ्याने स्वतःचंच नाव घेतो,
घुमतंय का बघायला.
टाकी ते परत देते, दोनदा.

मी मीटर बघते. शून्य.
पुन्हा बघते.